नमुन्याचा फोटो

१

दोष बापाचा. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे डॉक्टरीणबाई येतील, सुई येईल, आई तर येईलच, आणि ऐकणारा उगाच भलत्याच माणसावर संशय घेत बसेल. डॉक्टरीणबाईंनी आपलं काम चोख केलं. आईच्या हातून जे झालं ते नंतर झालं, आणि तिला थोडी सूट देता येते. बापाला देता येत नाही.

बापाचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे भिंगं घासायची खोली, आणि दोन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत आरसे. गिऱ्हाइकाने फ्रेम चढवून मान कुठेही वळवली तरी त्याला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणजे ते फ्रेमच्या प्रेमात पडतं, असा बापाचा सिद्धांत. त्या काउंटरमागे पूर्वी थोरला मुलगा उभा असायचा. भरल्या गालांचा, बोलका. म्हाताऱ्या बायका नुसती चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला यायच्या आणि अर्धा तास गप्पा मारून जायच्या. चार वर्षांपूर्वी तो मोटरसायकलवरून पडून गेला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. मग त्याच्या जागी धाकट्याला उभं केलं. धाकट्याने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. ते त्याने स्वतःच्या हाताने सोडलं, त्याचा दोष तो कुणावर ढकलत नव्हता.

धाकट्याच्या डोळ्यांखाली खड्डे होते. आजारपणाचे नाहीत, जागरणाचे नाहीत, जन्माचेच. आईच्या वडिलांना होते तसे. वरून दिव्याचा उजेड पडला की दोन सावल्या गालांवर उतरायच्या आणि तेविसाव्या वर्षी तो पन्नाशीचा दिसायचा. दुकानात दिवे वरूनच होते.

"मुलाला बरं नाही का हो?" एखादी बाई काळजीने विचारायची.

"बरं आहे," बाप म्हणायचा. "तोंडच तसं आहे."

हे धाकट्यासमोर. काउंटरच्या एकाच बाजूला दोघे उभे असताना. बापाच्या जिभेला हाड नव्हतं आणि मुलाला कान असतात हे त्याच्या गावीही नव्हतं. घरी आईची वेगळी तऱ्हा. ती बोलायची नाही. ती धाकट्याकडे बघायची आणि तिची नजर त्याच्यावर ठरायची नाही, त्याच्या खांद्यावरून मागे जायची, जसं काही मागून अजून कुणी यायचं आहे आणि हा नुसता दार उघडायला पुढे आलाय. चार वर्षं तेच. धाकट्याला जगात दुसरं काही नको होतं. घरातल्या कुणीतरी एकदा आपल्याकडे बघावं आणि ते बघणं आपल्यापाशी थांबावं, एवढंच.

म्हणून बापाने जेव्हा सुईचा विषय काढला तेव्हा तो नाही म्हणाला नाही. खरं सांगायचं तर त्यालाही हवं होतं. ही त्याची चूक. पण ती आपल्या वाटणीची, माणसाने पचवावी एवढीच.

२

डॉक्टरीणबाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्वचेच्या डॉक्टर. त्यांची खोली पांढरी होती, पंख्याचा आवाज नव्हता, आणि खुर्ची दात काढायच्या खुर्चीसारखी मागे जाणारी.

"तीन वाटा आहेत," त्या धाकट्याला म्हणाल्या. बापाला नाही, धाकट्याला, आणि ते त्याला आवडलं. "एक, काहीच करायचं नाही. हा आजार नाही. दोन, शस्त्रक्रिया, ती तुमच्या वयाला मी सुचवणार नाही. तीन, जेल. कातडीखाली, हाडाला लागून भरायचं. वर्ष-दीड वर्ष राहतं."

"आणि नको वाटलं तर?"

"विरघळवायचं दुसरं इंजेक्शन असतं. म्हणूनच पहिल्या वेळी मी हेच वापरते. पण डोळ्याजवळचं काम आहे, धोके असतात. कागदावर सगळे लिहिलेत. वाचून सही करा."

"वाचतोस काय," बाप म्हणाला. "परीक्षा आहे का? कर सही."

धाकट्याने मुद्दाम दोन्ही पानं वाचली. सूज, निळसर झाक, गाठ, आणि क्वचित नजर जाण्यापर्यंतची गोष्ट. त्यात जे पुढे झालं ते कुठेही नव्हतं.

मग त्यांनी त्याचा चष्मा काढून ठेवला आणि बधिर करायचं मलम लावलं. धाकट्याचा नंबर उणे पाच. चष्म्याविना त्याला समोरचा माणूस म्हणजे एक रंगीत धुकं. त्या धुक्यातून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "जुना एखादा फोटो आहे का? समोरून काढलेला, खड्डे पडायच्या आधीचा. किती भरायचं याचा अंदाज येतो."

"माझे पहिल्यापासूनच असे आहेत," धाकटा म्हणाला. गाल अर्धवट बधिर झाले होते.

"तू गप्प बस. तुला काय आठवतंय," बाप म्हणाला. पाकीट उघडल्याचा आवाज झाला. "हा घ्या. अठरा-एकोणिसाव्या वर्षीचा."

डॉक्टरीणबाईंनी ते चौकोनी धुकं त्याच्या तोंडाशेजारी धरलं. बराच वेळ धरलं. "डाव्या बाजूला थोडं जास्त लागेल," त्या म्हणाल्या. "इथे डावा गाल चांगला भरलेला आहे."

आपला डावा गाल कधी भरलेला होता, हे धाकटा आठवत राहिला. तोवर त्यांनी त्याला सरळ बसवून पांढऱ्या पेन्सिलीने खड्ड्यांच्या कडा आखल्या होत्या. सुई दुखली नाही. फक्त आत काहीतरी सरकत, जागा करत गेल्यासारखं वाटलं. अरुंद बाकावर कुणी न विचारता शेजारी टेकावं तसं.

३

आठवडाभर सूज होती. ती उतरली आणि धाकटा नऊ दिवस सुखात होता. हे लपवण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकं त्याच्याशी बोलायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "सुट्टीवर गेला होतास का रे? छान दिसतोस." त्या दिवशी बाप भिंगं पुसताना चक्क गुणगुणला.

दहाव्या दिवशी त्याचं डोकं धरलं. चष्मा लावला की दुकानाची फरशी डावीकडे उतरती वाटायची, काढला की सगळं धुकं.

मागच्या खोलीत भिंगं घासायला एक म्हातारा कारागीर होता. सगळे त्याला भिंगकाका म्हणत. या दुकानात बापाहून जुना माणूस. त्याने दारातूनच ओळखलं. "चष्मा बसत नाहीये तुझा."

"बसलाय की, काका. नाकावरच आहे."

"नाकावर माशीही बसते. डोळ्यांसमोर बसलाय का ते विचारतोय. ये इकडे."

काकांनी पट्टी घेतली. दोन बुबुळांच्या मधलं अंतर मोजायची ती लहानशी पट्टी. चष्म्याच्या धंद्यात त्या अंतराला पीडी म्हणतात, आणि भिंगाचा मध्य त्यावर ठरतो. काकांनी एक डोळा मिटून पट्टी त्याच्या नाकावर टेकवली. "हं," ते म्हणाले. मग पुन्हा टेकवली. "हं."

"काय झालं?"

"चौसष्ट."

"माझी एकसष्ट आहे. कार्डावर बघा."

"कार्ड मीच लिहिलंय, गाढवा."

त्यांनी यंत्र काढलं, ज्यात दुर्बिणीसारखं डोळे लावून बघायचं असतं. चौसष्ट. मग धाकट्याने स्वतः आरशासमोर पट्टी धरली. चौसष्ट. विशीनंतर हे अंतर बदलत नाही, हे त्या दुकानातल्या स्टुलालाही माहीत होतं. कवटी थांबते तिथे ते थांबतं. जेल कातडीखाली होतं, हाडाच्या वर. ते हाडं कशी सरकवेल?

काकांनी कार्डांचा खण उघडला, बोटं मागच्या कार्डांपर्यंत नेली, आणि खण हळूच बंद केला.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "दुरुस्तीला देतो."

"आणि पट्टी?"

 काकांनी घासायचं चाक सुरू केलं. नवी भिंगं त्यांनी न विचारता चौसष्टवर बसवून दिली, आणि धाकट्याची डोकेदुखी त्याच क्षणी उतरली. दुपारी काका जेवायला गेल्यावर त्याने तो खण उघडला. मागच्या कार्डांत थोरल्याचं कार्ड होतं. पीडी चौसष्ट.

त्याने स्वतःला समजावलं. जगातल्या निम्म्या पुरुषांची पीडी चौसष्टच्या आगेमागेच असते. एकसष्ट हीच पहिली चूक असेल. सख्खे भाऊ आहेत, अंतरं सारखी असायचीच. समजावणं चांगलं होतं, पटण्यासारखं होतं. फक्त गेली सहा वर्षं तो एकसष्टचाच चष्मा लावून स्वच्छ बघत होता, एवढं एक त्यात बसत नव्हतं.

४

आरशांचं असं असतं की तुम्ही त्यांच्यात राहिलात की ते दिसेनासे होतात. चार वर्षांत धाकट्याने दुकानातल्या आरशांकडे पाहिलं नव्हतं. आता पाहायला लागला.

सकाळची वेळ. रस्त्यावर ऊन. धाकटा खाली मान घालून फ्रेमचा स्क्रू पिळत होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला समोरच्या आरशातला आपला चेहरा दिसला. तो चेहरा स्क्रूकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता. मग दाराची घंटी वाजली आणि एक माणूस आत आला.

दोन आरसे समोरासमोर असले की एकाचं प्रतिबिंब दुसऱ्यात पडतं. कोन चुकतो, माणूस फसतो. धाकट्याला भौतिकशास्त्र येत होतं, सोडलं म्हणून विसरला नव्हता. त्याने कागदावर कोन काढून पाहिला. बसत होता, थोडा ओढूनताणून, पण बसत होता.

दुपारी पुन्हा. चेहरा दाराकडे, मग घंटी.

तिसऱ्या वेळी तो स्क्रूही पिळत नव्हता. तो सरळ आरशातच बघत उभा होता, डोळ्याला डोळा लावून. आरशातली नजर हळूच त्याच्यावरून सुटली आणि दाराकडे गेली. खालच्या पापण्यांना आनंदाने सुरकुत्या पडल्या. धाकट्याने हसायचं ठरवलंच नव्हतं.

घंटी वाजली. आई होती, जेवणाचा डबा घेऊन. चार वर्षांत ती दुकानाची पायरी चढली नव्हती.

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचं बघणं त्याच्यापाशी थांबलं. खांद्यावरून मागे गेलं नाही. कुठेही गेलं नाही. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं तेव्हा धाकटा एक पाऊल मागे सरकला.

"गरम आहे तोवर खा," ती म्हणाली. जाताना दारात वळली. "हेल्मेट घालतोस ना रे?"

"आई, मी चालत येतो. मला गाडी येते तरी कुठे?"

"घालत जा," ती हसून म्हणाली. "माझ्यासाठी."

बाप काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि फडकं घेऊन स्वच्छ असलेली काच पुसायला लागला.

५

महिन्याने तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत बसवलं, चार बाजूंनी फोटो काढले आणि संगणकावर लावले. मग नुसत्याच बघत बसल्या.

"काय?" धाकट्याने विचारलं.

"तुम्ही आणखी कुठे काही करून घेतलंत का? दुसऱ्या कुणाकडे?"

"नाही."

"हनुवटीला? भुवईला?"

"नाही म्हटलं ना."

"मी फक्त डोळ्यांखाली भरलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "दोन्हीकडे मिळून चमचाभरही नाही. हनुवटीला मी हात लावलेला नाही." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "आधीचे तुम्ही, नमुन्याचा फोटो, आणि आत्ताचे तुम्ही. मी इतकं हुबेहूब करू शकत नाही. कुणीच करू शकत नाही."

चष्मा डोळ्यांवर होता. धाकट्याला लख्ख दिसलं. मधल्या फोटोत थोरला हसत होता. फोटोच्या खालच्या कडेला मोटरसायकलच्या हँडलचा चकाकता तुकडा आला होता.

"हा मी नाही," तो म्हणाला. "हा माझा भाऊ. वारलाय."

डॉक्टरीणबाईंचा हात माउसवरून उचलला गेला. "मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर विचारलं होतं."

"तुमचं काही चुकलं नाही."

तो तिथून निघाला तो तळपायाची आग मस्तकात घेऊनच. बाप मागच्या खोलीत होता. भिंगकाकांचं चाक चालू होतं, तरी काकांनी धाकट्याचं तोंड पाहून ते बंद केलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

"बाबा, फोटो कुणाचा दिलात?"

"कुठला फोटो?"

"तुम्हाला माहीत आहे कुठला."

बापाने चष्मा कपाळावर चढवला. लाज नाही, घाबरणं नाही. गिऱ्हाइकाला वेळ लागेल म्हणून सांगताना जसा आवाज लावायचा तसा आवाज. "तुझा तसला फोटो घरात होता कुठे? डॉक्टरीण खोळंबली होती. पाकिटात होता तो दिला. दोघं सारखेच दिसायचात."

"कधी? कधी दिसायचो सारखे?"

"दिसला असतास. अंगाला लागलं असतं तर."

"तेवीस वर्षांत माझा एक फोटो काढला नाहीत तुम्ही. एक. शाळेच्या ओळखपत्राचा सोडून."

"थोरला लहान होता तेव्हा कॅमेरा नवा होता," बाप म्हणाला. एवढंच. नव्या कॅमेऱ्याची हौस असते आणि ती फिटते, हे जणू समजण्यासारखं होतं.

धाकट्याला त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही. "मी विरघळवून टाकणार आहे," तो म्हणाला. "उद्याच."

तेव्हा कुठे बाप जागचा हलला. "अरे, दोन थेंब आहेत. तुझं काय जातंय? आईकडे बघितलंस का? चार वर्षांनी ती पोटभर जेवते. पडदे धुतले तिने. तिच्या ताटातून काढून घेणार आहेस?"

वडीलधाऱ्यांची ही जुनीच रीत. करून बसायचं आपण, आणि निस्तरायची वेळ आली की आईला पुढे करायचं. धाकटा तिथे उभा राहून विचार करत होता, की हा माणूस जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघून नंबर काढत आला, आणि घरात दोन मुलगे आहेत हे याला एकदाही नीट दिसलं नाही.

"तिला मी सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही मध्ये पडू नका."

"वर्षभर राहू दे," बाप मागून म्हणाला. "आपोआप जाईलच की."

पण जे आपोआप जाणार होतं ते जेल होतं. हनुवटीत जेल नव्हतं.

६

सकाळी अकराची वेळ मिळाली. धाकटा एकटाच गेला. डॉक्टरीणबाईंनी आधी हातावर थेंबभर टोचून पाहिलं, अर्धा तास थांबल्या, मग डोळ्यांखाली. हे इंजेक्शन दुखलं. आगीसारखं झोंबलं, आणि त्याला त्या दुखण्याचा आनंद झाला. आपल्या जागेवरून कुणाला उठवताना थोडी ओढाताण व्हायचीच.

त्यांनी अंगठ्याने हलके चोळलं. थोडा वेळ गेला. पुन्हा चोळलं.

"विरघळतंय," त्या म्हणाल्या. "पूर्ण जायला दोन दिवस धरा, पण बरंचसं गेलंच." बोट डोळ्याखाली टेकलं. "हं. खड्डा लागतोय हाताला. हाडाची कड लागतेय." आणि मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट काढून घेतलं.

"आरसा द्या."

"सूज आहे. उद्या बघा."

"आरसा द्या, डॉक्टर."

त्यांनी हातात धरायचा आरसा दिला आणि हात धुवायला वळल्या. नळ सुरू झाला.

धाकट्याने चष्मा लावला नव्हता. त्याने आरसा जवळ आणला, चार बोटांवर, जिथे त्याला नीट दिसतं. चेहरा भरलेला होता. डोळ्यांखाली सावली नव्हती, कड नव्हती. सूज असेल. पाणी धरलं असेल. त्याने उजव्या हाताचं बोट डोळ्याखाली नेलं. बोट खड्ड्यात उतरलं, त्याच्या ओळखीच्या खड्ड्यात, जन्मापासूनच्या, थेट हाडापर्यंत.

आरशात बोट भरल्या गालावर टेकलेलं होतं.

त्याने दाबलं. बोटाला हाड लागलं. आरशातली कातडी दबली नाही.

मग त्याने आरसा आणखी जवळ घेतला, पापण्यांचे केस काचेला लागतील इतका. ही शेवटची चूक. उजव्या डोळ्याची खालची पापणी किंचित सुटली होती, आणि तिच्या कडेपलीकडे, आतून, खालून वर, कुणीतरी बघत होतं. क्रूर नाही. तसं असतं तर सोसलं असतं. ओशाळं. लहानपणी धाकट्याच्या वाटणीचं खाऊन झाल्यावर पकडला गेला की थोरला बघायचा तसं. चुकलं रे, पण आता संपलं.

त्याने आरसा पालथा ठेवला.

डॉक्टरीणबाई मागे वळल्या नाहीत. हात केव्हाच स्वच्छ झाले असतील. नळ वाहतच होता.

"तुम्हाला दिसलं ना?" धाकट्याने विचारलं.

"दोन दिवसांनी या," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "किंवा दुसऱ्या कुणाला दाखवा. मला वाटतं दुसऱ्या कुणाला दाखवा."

७

तो घरी गेला. दुपार होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन ओट्यावर पडलं होतं. आरशांचा त्याला आता भरवसा नव्हता. बापाचा कधीच नव्हता. पण हाताला खड्डा लागत होता, आणि हात खोटं बोलत नाही. एक माणूस जरी हात लावून म्हणाला, की हो, तूच आहेस, तरी पुरे होतं. तेवढ्यावर तो बाकी सगळ्याशी भांडला असता.

"आई, इकडे ये. मी ते काढून टाकलं."

"काय काढून टाकलंस?"

"डोळ्यांखालचं. दोन्हीकडचं. आता मी पहिल्यासारखा आहे. हात लावून बघ."

"काहीतरीच तुझं," ती म्हणाली, पण आली. ओले हात पुसून तिने त्याचा चेहरा धरला आणि दोन्ही अंगठे त्याच्या डोळ्यांखाली ठेवले.

अंगठे खड्ड्यांत उतरले. तिने डोळे मिटले. तिच्या वडिलांचे खड्डे होते ते. धाकट्याच्या लहानपणी तिने तिथे काजळ पुसलं असेल, अश्रू पुसले असतील. तिच्या बोटांना ती जागा पाठ होती. हसू ओठांवरून हळूहळू उतरलं, आणि धाकट्याला स्पष्ट कळलं की तिला कळलंय. ती आंधळेपणाने चाचपडत होती, आणि तिच्या अंगठ्यांखाली तो होता, धाकटा, सबंध.

"आई," तो म्हणाला. "मीच आहे. म्हण."

तिने डोळे उघडून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ. एका हाताशी एक मुलगा होता आणि डोळ्यांसमोर दुसरा, आणि ती निवड करत होती. आई होती ती. अशी निवड करायला लागू नये कुणाला. पण बापाने ताट वाढून समोर ठेवलं होतं आणि ती चार वर्षांची उपाशी होती.

तिने अंगठे काढून घेतले. पदर नव्हता, तर फडक्यालाच हात पुन्हा पुसले, नीट, एकेक बोट.

"हातपाय धुऊन घे," ती म्हणाली. "बाबा आले की बसू." आणि ओट्याकडे वळता वळता, रोजच्या कटकटीच्या सुरात, "धाकटा कुठे उलथलाय कोण जाणे. सकाळपासून पत्ता नाही."

धाकट्याने ओरडायला तोंड उघडलं.

"येईल गं," तोंडातून आलं. भरला, बोलका आवाज. "जाणार कुठे?"

आई हसली. तिने तीन ताटं घेतली, धाकट्यासाठी चौथं काढलं नाही. बाप आला, त्याने ताटं मोजली असतील किंवा नसतील, तो खाली मान घालून जेवला आणि आमटी चांगली झाली म्हणाला.

त्यानंतर धाकट्याची चौकशी घरात कुणी केली नाही. तो तेवीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी कुणी रडलं नाही.